यंत्राचा रोज पहिला दिवस

खर्डा, ता. जामखेड
१९ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास भीमराजचा सप्रेम जय भीम.

तुझी तब्येत, दाजींची कंबर आणि तुझ्या सासूबाईंचा डोळा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आई-नाना उत्तम आहेत. मी नाही. दुखत काही नाही, पण जेवण जात नाही आणि लाईट गेली की छातीत धस्स होतं. कारण सविस्तर लिहितो. दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

दिवाळीत मी पुण्याहून तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला, तो तू पाहिलास. (रेडिओचं आतडं म्हणाली होतीस.) त्यावरच्या काळ्या चिपला प्रोग्राम लिहून दिला की ती सांगितलेलं काम न कंटाळता करत राहते, असं दुकानदार म्हणाला. डिप्लोमा करून दीड वर्ष घरी बसलेल्या माणसाला असं कुणी सांगितलं की बरं वाटतं. आधी मी त्यावर एक दिवा लावला, विझवला. नानांनी ते पाहिलं आणि भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं. माझं डोकं फिरलं. याच बोर्डावर कोंबडीशिवाय अंडी उबवून दाखवतो, असं मी सर्वांसमक्ष बोलून बसलो.

नानांनी पेपर उघडला. आईने मात्र विश्वास ठेवला आणि तिथेच घात झाला. तिने बारा गावरान अंडी जमवून माझ्यापुढे ठेवली आणि गावभर सांगत सुटली. शेजारच्या कडूबाई म्हणाल्या, "कोंबडी कुटं कालिजात गेल्ती?" त्यावर आई म्हणाली, "माजा भीमराज गेल्ता न्हवं."

मग मी थर्माकोलची पेटी केली. आत दोन बल्ब, एक पंखा आणि दर तीन तासांनी अंडी कलती करणारी मोटर. बोर्डाने ऊब राखायची, एकवीस दिवस मोजायचे, अठरावा संपला की कलवणं थांबवायचं आणि कितवा दिवस ते लाल आकड्यांत दाखवायचं. हा प्रोग्राम नगरच्या क्लासवाल्याकडून चिपमध्ये भरून आणला. सगळं बिनचूक होतं. खर्ड्यात लाईट जाते, एवढंच माझ्या डोक्यातून गेलं.

लाईट गेली की चिप सगळं विसरते आणि आली की एकपासून सुरू करते. आज अंड्यांचा अठरावा दिवस आहे, यंत्राचा पहिला. काल सकाळीही पहिलाच होता आणि दुपारी दोनदा पहिला होता. शिवाय दर पहिल्या दिवशी ते आधी स्वतःची तपासणी करतं, म्हणजे शिट्टी वाजवून अंडी डावी-उजवी हेलकावतं. (हेही मीच लिहिलं. फार हुशारी वाटली होती.) लाईट नसताना मी गरम पाण्याच्या बाटल्या आत लावतो आणि पेटीला गोधडीसकट कवटाळून बसतो. परवा नाना पेपर वाचता वाचता म्हणाले, "उठू नको. गार हुतील."

बोर्डाला छोटी बॅटरी जोडली तर त्याच्या लक्षात राहील, पण त्यासाठी प्रोग्राम बदलायला हवा, आणि क्लासवाला भावाच्या लग्नाला गेलाय तो पुढच्या महिन्यात उगवणार. आता त्याचाही उपयोग नाही. काल मी एकेक अंडं बल्बसमोर धरून पाहिलं. कशात शीर नाही, सावली नाही, नुसता बलक; म्हणजे एकातही पिल्लू धरलेलं नाही. आईने अंगणात पिल्लं झाकायला डालगं धुऊन ठेवलंय, कण्या पाखडून डब्यात भरल्यात, पलीकडच्या राहीबाईंना दोन पिल्लं कबूल केलीत. यंत्र फसलं तर फसलं, अक्का. रविवारी, एकवीस दिवस भरल्यावर, आईच्या तोंडाकडे कसं बघू, ते मला कळत नाही.

तुझा धाकटा,
भीमराज

ता. क. खरं काम राहिलं. तुमच्या आळीत कुणाकडे नुकती निघालेली गावरान पिल्लं असतील तर दहा-बारा टोपलीत घालून, कंडक्टरला सांगून रविवारच्या आत पाठव. आई विहारात गेली की मी ती पेटीत सोडीन. आईला कळता कामा नये.

ता. क. (रविवार) पत्र टाकायला निघालो आणि लाईट गेली, म्हणून ते राहिलं. आता पिल्लं नकोत. आज आंघोळ करून आलो तर पेटीत अकरा पिल्लं चिवचिवत होती. त्यांच्या पायाखाली अंडी, बाराच्या बारा, एकालाही तडा नाही. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, निघाली. ती म्हणाली, "मंग, म्या म्हनलं न्हवतं?" थोड्या वेळाने ती पिल्लं ऊन दाखवायला म्हणून कडूबाईंकडे घेऊन गेली. मी मागून गेलो. परसात एक तांबडी कोंबडी कासावीस होऊन पिल्लांना पंखाखाली घेत होती. कोंबडी अनोळखी, पण तिच्या पायाला बांधलेली चिंधी तुझ्या मोरपंखी साडीच्या काठाची होती. आईला अंड्यांवर बसवायला ही खुडूक कोंबडी पाठवलीस तेव्हा मला एक ओळ लिहायला काय झालं होतं? मी आईला काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

आणखी एक. आत्ताच डेअरीचे कारभारी येऊन गेले. त्यांना शंभर अंड्यांचं यंत्र हवंय आणि आईने परस्पर हो म्हणून टाकलंय. तरी शंभर अंड्यांना खुडूक कोंबड्या किती लागतात आणि तुमच्या पुणतांब्यात तेवढ्या मिळतील का, ते उलट टपाली कळव.