लाभ, दोन, तीन

३ जानेवारी, शुक्रवार

सयाजीभाऊंनी सकाळी सकाळीच माझी बिनपाण्यानं केली! येडगावला त्यांची रोपवाटिका आहे. टोमॅटोची, मिरचीची रोपं तयार झाली की गिऱ्हाइकांना ई-मेल जातो, तो माझ्या सर्व्हरवरून. कुणाच्या सर्व्हरनं मेल घेतला आणि कुणाच्या सर्व्हरनं दारातूनच परत लावला, ते माझ्या तक्त्यात दिसतं. हिरवं म्हणजे घेतला. लाल म्हणजे असा पत्ताच नाही. तक्ता मी स्वतः लिहिलाय. दसऱ्यापासून मंचरभर त्याची फुशारकी मारत हिंडतोय.

भाऊ म्हणाले, "तुमच्या तक्त्यात माझा मेव्हणा लाल हाय. चिमाजी. पत्ताच न्हाई म्हनं त्याचा! आन् हितं माझ्या म्होरं बसून च्या पितोय, मोबाईलात तुमचा मेल बी दावतोय."

मी म्हणालो, समोरच्या सर्व्हरची चूक असेल. आमच्या धंद्यात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

४ जानेवारी

समोरच्या सर्व्हरची चूक नाही.

यादीत चिमाजींच्या बरोबर वर रखमाजी म्हणून एक आहेत. त्यांचा पत्ता कधीच बंद झालाय, हे सयाजीभाऊंनाही माहीत. आणि तक्त्यात रखमाजी हिरवेगार! इतर याद्या काढून पाहिल्या. सगळीकडे तोच घोळ — पाप एकाचं, ताप खालच्याला. आता खरंच घाम फुटलाय.

जाता जाता — अंजना स्टँडवर दिसली. कळंबला घरी आली असणार. मी लगेच गाडी वळवली. डिझेल भरायचं आठवलं ना! गाडी पेट्रोलची आहे.

६ जानेवारी

सापडलं. आणि सापडलं ते कसं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

खाली आमचं भुसाराचं दुकान, वर माळ्यावर माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल आणि बाजरीची धूळ. सकाळी टेम्पोत पोती चढत होती आणि बाऊजी मोजत होते. लाभ, दोन, तीन, चार... आमच्या दुकानात 'एक' कधी म्हणायचं नाही. पहिलं माप लाभाचं, मग दोन. आजोबा तसंच मोजायचे, मीही तसंच मोजायला शिकलो. शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी अंक विचारले तर मी छातीठोकपणे लाभापासून सुरुवात केली होती. अख्खा वर्ग हसला होता.

तर, मेल नेताना आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या दारात जाऊन आधी सांगतो — अमक्याकडून आलोय. आतून उत्तर येतं, २५०. म्हणजे बरं. मग हा म्हणतो, रखमाजींना द्यायचंय. उत्तर ५५०. असं कुणी इथं राहत नाही. मग म्हणतो, चिमाजींना द्यायचंय. उत्तर २५०. उत्तरं तीन, माणसं दोन. कारण पहिलं उत्तर पाठवणाऱ्याच्या नावाला असतं, घेणाऱ्याच्या नाही.

आणि मी? पहिलं उत्तर आलं की लाभ! टाक पहिल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर. त्यामुळे रखमाजी झाले हिरवे, त्यांचा नकार गेला चिमाजींच्या नावावर, आणि चिमाजींचं खरं उत्तर उरलं. ते मी मापात थोडं सांडायचंच म्हणून सोडून दिलं होतं. दुकानदाराचा मुलगा आणि उरलेलं टाकून देतो! बाऊजींना कळलं तर दुकानाबाहेर काढतील.

मेल स्वतः नीट जात होते, एवढंच नशीब. खोटं बोलत होता तो फक्त माझा तक्ता.

७ जानेवारी

म्हणजे मेल एकाच माणसाला असेल, तर तक्ता नेहमीच हिरवा दाखवणार. समोर कुणी असो वा नसो. नेहमीच!

अरे देवा. अंजना.

८ जानेवारी

लिहूनच टाकतो. नाही तरी ही वही वाचणारा मीच.

अंजना कळंबची. मंचरला आम्ही एकाच क्लासला होतो, तेव्हापासूनची मैत्री. पुढे ती नाशिकला नोकरीला गेली. दिवाळीत मी तिला मेल लिहिला — माझ्याशी लग्न करशील का? फोनवर का नाही विचारलं? कारण फोनवर मी तिला भुईमुगाचे भाव सांगत बसतो. मेल मात्र झकास लिहिला होता. तुम्ही शेतकरी, आम्ही व्यापारी. तुमच्याकडे मटणाचा रस्सा, आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा नाही. घरचे चिडतील, तरी मी उभा राहीन, वगैरे वगैरे. तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला, तोच तेवढा पाठ होता.

तक्ता हिरवा झाला. तिचं उत्तर नाही.

भाऊबीजेला तिचा फोन आला, फराळाला ये. मी म्हणालो, बघू. मला वाटलं, चकली हातात देऊन गोड शब्दांत नाही म्हणणार. त्यानंतर दोनदा फोन आला, मी उचलला नाही. चांगला दोन महिने रुसून बसलो. दाढीसुद्धा वाढवून पाहिली, ती नीट येत नाही.

आज त्या मेलच्या वेळचं दोन सर्व्हरांमधलं मूळ बोलणं उघडलं. पहिलं उत्तर २५०. ते माझ्या नावाला. दुसरं ५५० — असं कुणी इथं नाही. तिनं ती नोकरी सोडली होती आणि मला पत्ता नव्हता.

मेल तिला मिळालाच नाही! 'बरं' म्हणाले ते मला. दोन महिने मी माझ्याच 'बरं'वर रुसलो होतो.

हसू येत होतं. मग एकदम फार वाईट वाटलं. तिनं तीनदा हाक मारली आणि मी तिन्ही वेळा तोंड फिरवलं.

१० जानेवारी

तक्ता दुरुस्त केला. आता प्रत्येक प्रश्नाला रांगेत जागा आहे, पहिली जागा पाठवणाऱ्याची. उत्तर आलं की रांगेत सर्वांत आधी उभा असलेल्या प्रश्नाला लागतं. उत्तर नाही आलं तर जागा रिकामी. आपल्या मनानं रंग भरायचा नाही.

सयाजीभाऊंना कळवलं. म्हणाले, "म्हंजी मेव्हणा जित्ता झाला म्हना की! सांगतो त्याला, लई घाबारला व्हता."

१२ जानेवारी

कळंबला जाणार होतो. गाडीत हवा कमी होती.

१३ जानेवारी

हवा भरली. तरी गेलो नाही. आता गाडीला काय दोष द्यायचा?

१४ जानेवारी, संक्रांत

गेलो!

तिळगूळ हे निमित्त बरं असतं. तिच्या आईनं, साळुबाईंनी, गुळाची पोळी वाढली. वर विचारलं, "दिवाळीला का न्हाई आला रं? पोरगी वाट बघत व्हती." मी पोळीवर आणखी तूप मागितलं.

अंजना मला मागं गोठ्याकडं घेऊन गेली. मी सगळं सांगितलं. रखमाजी, चिमाजी, २५०, ५५०. लग्नाचं विचारायला जाऊन आधी सर्व्हर समजावणारा महाराष्ट्रात मी पहिलाच असेन. ती हसत हसत कडब्याच्या पेंढीवर बसली. मग हसू थांबलं. म्हणाली, "मला वाटलं, मी नोकरी सोडून घरी बसले, म्हणून तुझ्या लेखी संपले."

 मी माफी मागितली आणि विचारलं. तोंडानं. भुईमूग मध्ये न आणता.

ती म्हणाली, "लाभ."

लहानपणी ती दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, बाजरी घेऊन आमच्याच दुकानात यायची, तिला सगळं ठाऊक. आणि मी, सुवालाल शेठचा पोरगा, विचारतोय — लाभ म्हणजे?

"म्हणजे पहिलं माप माझं. दुसरं तुझ्या बाऊजींचं, तिसरं माझ्या दादांचं. या खेपेला एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नकोस."

१५ जानेवारी

बाऊजींशी बोलायला खाली गेलो. बाजरीचा भाव विचारून वर आलो.

१६ जानेवारी

जेवताना सांगून टाकलं. काहीच लपवलं नाही. ती 'लाभ' म्हणाली, दुसरं माप तुमचं म्हणाली, तेही सांगितलं. मम्मीचा पोळी लाटणारा हात थांबला. बाऊजी ताटावरून उठले नाहीत, पण बोललेही नाहीत. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. आज तर तेवढंही म्हणाले नाहीत.

भीती वाटतेय. बाऊजींना दुखवून मला सुख लागणार नाही, आणि अंजनाला नाही म्हणणं आता माझ्यानं होणार नाही.

१७ जानेवारी

उत्तर नाही. जागा रिकामी. रंग भरायचा नाही.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी टेम्पो लागला. माळ्यावर बसून ऐकत होतो. पहिलं पोतं चढलं आणि बाऊजी म्हणाले, "दोन."

हमाल थांबला. "शेठ, लाभ राह्यला."

"तो कळंबला झाला," बाऊजी म्हणाले.