न आलेली बाई

सिंधुबाई, तुमच्या घरामुळं माझ्या नातीचं मत उभ्या बाटलीला गेलं, हे आधी ऐका. रामराम मागून.

मु. बोरवाडी, ता. लोहा
१२ ऑगस्ट २०२५

इहीणबाईला केवळाबाईचा रामराम. मी बरी हाय. म्हैस व्याली, वगार झाली.

रविवारी गावात देशीच्या दुकानासाठी बायांचं मतदान झालं. आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, उभीवर मारला तर चालू. पर कायदा कसा बघा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीला पायजेत. जी आलीच न्हाई ती आपोआप उभीकडं. नाव काढायचं राहिलं आसंल तर मेलेली सुदीक! शहरात आता सोसायटीला इचारल्याबिगर दारूचं दुकान निघत न्हाई म्हनं, नवा नेम झालाय. आमाला दुकान देताना कुणी इचारलं? बंद करताना मात्र मेलेल्या बाया उठवून आणा!

पंचफुलाबाईनं तर उभ्या बाटलीवरच शिक्का हाणला. म्हनली, "मेल्या बाटलीला ठेचली!" आता हसावं का रडावं? पर ती आली तरी.

मूठभर मतं कमी पडली. सोमवारी दुकानाला हार घातला मेल्यांनी.

नात दामिनी तुमच्याकडं नांदायला गेली, पर तिचं नाव अजून इथल्याच यादीत हाय. तिला बोलवायला फोन केला तर तुमच्या लेकानं, शिवप्रसादनं घेतला. "तिला ताप हाय, आज्जी." सकाळची येळ अन् जीभ जड. झोपेतून उठला आसंल, मीच माझी समजूत घातली.

काल माझा पुतण्या रामकिशन तूर घेऊन लातूरला आला, तवा तुमच्याकडं डोकावला. दामिनीनं चहा दिला. म्हनला, "काकू, तोंडाला ओढणी बांधून होती, डोळ्यापर्यंत."

इहीणबाई, गाडीवर पोरी उन्हापायी तोंड बांधतात. घरात, गॅसपुढं कुणाचं ऊन लागतं?

ताप बीप काही न्हवता. मतदानाला आली असती तर गावानं तिचं तोंड बघितलं असतं. तुमी तर रोज बघून राहिल्या.

पत्र पोचेस्तोवर मी एसटीत बसलेली आसंन. तिची पिशवी भरून ठिवा, पाव्हणचार नको. तुमच्या घरातली बाटली आडवी करायला मला निम्म्या बाया लागत न्हाईत.

मी कडी वाजवीन. "कोण हाय?" म्हणून दामिनीनंच इचारायचं. तुमी न्हाई, तुमच्या लेकानं तर न्हाईच न्हाई.

केवळाबाई