ओनोदेराची एकुलती एक रील

२ मार्च
ठरलं! येत्या १५ तारखेला, रविवारी दुपारी, माझा जुना मित्र ओनोदेरा माझ्या कॉफीच्या दुकानात सॅक्सोफोन वाजवणार. शेवटचं. १९ला फुप्फुसाचं ऑपरेशन. पुढे फुंकायचं नाही, डॉक्टरांची ताकीद. चाळीस वर्षं जॅझ वाजवून त्याची एक रेकॉर्ड नाही. ती मी काढणार. रेकॉर्डिंगचं मशीन माझं, माईक माझे, कान माझे.

५ मार्च
फुसाए म्हणते, लाइव्ह आहे ना, मग भिंतीवरची ‘बोलू नये’ पाटी त्या दिवशी तरी काढा, माणसांना जरा ओरडू द्या. बायकोला काय कळतंय! एकवीस वर्षं इथे गिऱ्हाईक कॉफी मागवतं, रेकॉर्ड ऐकतं आणि तोंड मिटून घरी जातं. अशी शिस्त अख्ख्या मोरिओका शहरात दाखवा. काढायची सोडून पाटी धुऊन पुन्हा लावली.

९ मार्च
आमचे रोजचे गिऱ्हाईक किकुची, निवृत्त पोस्टमन. त्यांना सर्दी! रविवारपर्यंत बरे व्हाल ना, विचारलं. तर म्हणे, नाही झालो तर नाक घरी ठेवून येऊ का? उद्धट माणूस. त्यांची खुर्ची माईकपासून लांब नेली.

१२ मार्च
ओनोदेरा येऊन वाजवून बघून गेला. दोन मिनिटांत धाप. म्हणाला, एकदाच जमेल रे, दुसऱ्यांदा नाही. मी म्हटलं, तू बिनधास्त राहा.

१५ मार्च, सकाळी ११
मशीन चारदा तपासलं. टेपची नवी रील लावली. निश्चय: आज कोणावरही डाफरायचं नाही.

दुपारी ४.३०
फत्ते! देवासारखा वाजवला. संथ गाण्यात मला रडू आलं. डाफरलो नाही, फक्त लक्ष ठेवलं. किकुची नाक ओढायच्या बेतात होते, मी आवरलं. कोणाचा चमचा वाजला, आवरलं. शेवटचा सूर विरला तरी बावीस माणसं जागच्या जागी. एक टाळी नाही. काय शिस्त!

१६ मार्च
रील ऐकली. मधूनमधून वाफ सुटल्यासारखा आवाज. रॉकेलचा स्टोव्ह! फुसाएला झापलं. ती म्हणाली, स्टोव्ह मी वाजवणं सुरू व्हायच्या आधीच, दोनला विझवला होता.

१७ मार्च
केबल बदलली. मशीन उघडलं, परत बंद केलं. आवाज रीलवरच. किकुचींचं नाक, दुसरं काय! उद्या ओनोदेरा ऐकायला येणार.

१८ मार्च
आला. हॉस्पिटलची पिशवी घेऊनच. लावली रील. संथ गाणं. तो लांब सूर धरतो आणि... श्श्श! पुन्हा श्श्श! ओनोदेरा खो खो हसला, हसता हसता खोकला. म्हणाला, अरे, हा तर तू! वाजवताना चौदा मोजले मी. एक माईक माझ्या खुर्चीशेजारी होता. मीच ठेवलेला.

पुसू नकोस, म्हणाला. तुझ्या दुकानात वाजवलं याचा पुरावा आहे.

मग शेवट आला. सूर विरला. पुढे रीलवर नुसती शांतता. ओनोदेरा वाट बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, लोकांना आवडलं नाही का रे?

माझी नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. तो पिशवी उचलून गेला.

दार लागल्यावर मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत. फुसाए स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, आत्ता वाजवताय?