'हात लावून बघ' कोणाच्या हाती द्यायचं

मी, निशिगंधा सयाजी इंगवले, वय चोपन्न, धंदा गिटारवादन, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. आजार यकृताचा आहे, डोक्याचा नाही. माझ्यावर कोणाचा धाक नाही. धाक घालायला आलेल्या माणसाचं काय झालं ते कलम चारमध्ये दिलं आहे. माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव कोणीही लावू नये.

१. घर. राजारामपुरीतला फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. तो माझ्या पश्चात मोना कांबळे, राहणार उचगाव, हिला मिळावा. मात्र आतली खोली आक्कांची. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घटस्फोटाने ते नातं संपल्याचं मी मानलेलं नाही. त्या तहहयात तिथे राहतील, त्यांना उठवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मोना आमच्या 'जळती वेणी' बँडची ड्रमर. वडिलांच्या बेंजो पार्टीत ती ताशा बडवायची. माझ्याबरोबर ये म्हटल्यावर म्हणाली, "केस आसं फुगवायला लागत असतील तर न्हाय." महिन्याभरात तिचे केस माझ्यापेक्षा उंच झाले. जरीच्या साड्या फाडून आम्ही घट्ट पँटी शिवल्या, डोळ्यांवर चमकी, ओठ रक्तासारखे, आणि आवाज असा की पहिल्या रांगेतले प्रतिष्ठित खुर्च्या सोडून पळायचे.

२. माझा भाऊ धैर्यशील याला काही नाही. त्याने माझे स्टेजचे कपडे अंगणात रॉकेल ओतून जाळले आणि ते विझेपर्यंत माझी मान धरून मला बघायला लावलं. त्याने हिस्सा मागितल्यास हे कलम चारचौघांत मोठ्याने वाचावं.

३. गाणं. 'हात लावून बघ' या गाण्याचे शब्द, चाल आणि सर्व हक्क मोनाला. ते कोणाचं आहे याबद्दल पुढे वाद नको, म्हणून हकिकत लिहिते.

मलकापूरच्या कार्यक्रमात एका माणसाने स्टेजच्या कडेवरून माझा घोटा धरून मला खाली ओढू पाहिलं. मी गळ्यातली गिटार काढली आणि त्याच्या तोंडावर घातली. त्याचा दात लाकडात रुतला. त्याचे साथीदार वर चढू लागले. मी माइकमध्ये ओरडले, "हात लावून बघ! हात परत मिळायचा न्हाय!" मोनाने त्या ओरडण्यावरच ठेका धरला. मी त्याच गिटारच्या तारा ओढल्या. चढणारे जागीच थांबले, आणि खालून बायकांच्या बाजूने कोणीतरी तीच ओळ परत ओरडलं. गाणं असं झालं. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

माझा तेव्हाचा नवरा विश्वजित साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचा. बँड त्याच्या नावावर चालला तोवर मी त्याची वाघीण होते. पुण्याच्या कॅसेट कंपनीने करारावर माझं नाव घातलं, तेव्हा आम्ही सराव करायचो त्या त्याच्याच गोदामात त्याने मला पाडलं, डाव्या मनगटावर पाय दिला आणि बोटांवर शटर ओढलं. लोखंडाचा आवाज आधी आला, माझा नंतर. तो म्हणाला, "आता वाजव." मोनाने झांजेच्या स्टँडने त्याचा कान फाडला, तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

आक्का दारात उभ्या होत्या. पोलिसांना म्हणाल्या, "शटर आपोआप पडलं." पण कोर्टात, सगळ्या भावकीसमोर, त्यांनी पदर खोचून सांगितलं, "आपोआप न्हाय पडलं. माज्या लेकानं वढलं. मी बघत हुतो." विश्वजित तुरुंगात गेला. भावकीने आक्कांना घराबाहेर काढलं. त्या पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. "हाकलणार असशील तर आत्ताच हाकल. न्हायतर च्या ठेवतो." मी दारातून बाजूला झाले.

दोन बोटं गेली, दोन वाकडी राहिली. मी गिटार उलटी धरली. उजव्या हाताने तारा दाबायला शिकले, डाव्या तळव्याला पट्टा बांधून त्यात पिक अडकवलं. शिकता शिकता एक आरसा आणि एक दार फोडलं. मग त्याच गाण्यावर आम्ही बेळगाव, पुणे, बंगळूर हादरवलं.

४. विश्वजित. गेल्या श्रावणात तो घरी आला. कोणा सिनेमावाल्याला गाणं हवं होतं. याने सहीचा कागद तयारच आणला होता. मी नाही म्हटल्यावर त्याने माझं डोकं भिंतीवर आपटायला केस धरले. केस कॅन्सरच्या औषधांनी कधीच गेले होते. तो स्टेजचा सोनेरी टोप होता. टोप त्याच्या मुठीत आणि मी खुर्चीत. तो मुठीकडे बघत राहिला तेवढ्यात आक्कांनी ओट्यावरचा वरवंटा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो.

"आई, मी हाय!" तो ओरडला.

"म्हणूनच की," आक्का म्हणाल्या.

सबब, त्याला माझ्या कोणत्याही मिळकतीत हक्क नाही.

५. दात रुतलेली गिटार आमच्या बँडच्या शिवानीला. दात काढू नये. ती शोभेची वस्तू नाही. वाजवायची नसेल तर फोडून टाकावी.

६. अंत्यसंस्कार. अग्नी मोनाने द्यावा. ती बौद्ध, मी मराठा. माझ्या एकाही कार्यक्रमाला न आलेले पावणे त्या दिवशी रीत शिकवायला येतील. गाणं तिथे वाजवू नये. ते जिवंत बाईसाठी आहे.

हे सगळं आक्कांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "शेवटचं परत वाच."

मी वाचलं.

"पावणं आडवं आलं तर?"

"येणारच."

"मग माजंबी नाव लिव तितं."

सबब, कलम ६ मध्ये दुरुस्ती: स्मशानात मोनाच्या पुढे आक्का चालतील.

इथे मजकूर संपला. साक्षीदारांच्या देखत सही केली, माझ्या देखत त्यांनी केली.

निशिगंधा सयाजी इंगवले

साक्षीदार:
१. डॉ. प्रियदर्शनी माने, राजारामपुरी
२. राजवर्धन चौगुले, उचगाव

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५