बार्शीच्या गाडीतला डबा

सोमवार, ८ सप्टेंबर

गेली एकदाची शिवलीला! गणपतीची सुट्टी संपली, बॅग भरली, आणि सोलापूरलगतच्या आमच्या बाळे गावच्या थांब्यावर बार्शीच्या गाडीत चढताना नातीनं माझ्या असं तोंड केलं की कंडक्टर म्हणाला, "कोण वारलं का काय घरात?" कुणी वारलं नाही बाबा. अकरावी सायन्सला चाललीय!

जाताना हा फोन मला शिकवून गेली. हे बारकं चित्र दाबायचं, बोलायचं, हा लिहितो. तारीख त्याची तोच टाकतो. "अज्जी, माझी आठवण आली की ह्याच्यासंगं बोल. कुणी वाचणार न्हाय." कुणी कशाला, मलाच वाचता येत नाही! एवढी गुप्त रोजनिशी राजाच्या राणीजवळसुद्धा नसेल.

माझं अक्षर कसं आहे कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळीच फोन. रडत होती. "मेसचं जेवण घशाखाली उतरत न्हाय."

गुरुशांतनं — माझा मुलगा, तिचा बाप — चहाचा कप आपटला. "दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाय तर आणतो परत. हितं काय कॉलेजं न्हाईत?" सून रेश्मा ओट्यापाशी उभ्याउभ्या चपाती खात होती. चिंचोळीच्या एमआयडीसीतून कंपनीची गाडी यायची होती तिची.

कॉलेजं आहेत की. पण परत आली तर ती कॉलेजात बसणार नाही, घरात बसणार. आईची शिफ्ट, माझे गुडघे, बापाचा डबा — सगळं हळूहळू तिच्या गळ्यात पडणार. कुणी मुद्दाम टाकणार नाही. पडणार. तिनं जागा मिळवलीय ती स्वतःच्या मार्कांवर. ती अशी जेवणापायी घालवायची?

मी डबा धाडणार. रोज. बघते कशी जेवत नाही!

गुरुवार, ११ सप्टेंबर

दोन भाकरी, शेंगाची चटणी, दोडक्याची भाजी, ताकाची बाटली. वरून फडकं बांधलं आणि बाळ्याला जाऊन उभी राहिले. कंडक्टर तोच, कुंडलिक नावाचा. बार्शीच्या स्टँडवर पोरगी येऊन घेणार, रिकामा डबा परतीच्या गाडीत.

"अज्जी, डब्यात काय हाय?"

"तुला काय करायचंय? तू तिकिटं फाड."

"आता मशीन हाय अज्जी, फाडायचं राहिलं न्हाय."

"मग मशीनला जेवायला घाल!"

हसत हसत डबा ड्रायव्हरच्या मागं ठेवला. पडणार नाही असा, कोपऱ्यात. गुणाचं पोर आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

डबा रिकामा येतोय. चाटूनपुसून. मी जिंकले!

आज भाकरी थापताना बोर्डिंगची आठवण आली. शिवलीलाच्या नव्हे, माझ्या. माझी कसली म्हणा, मी तिथं शिकायला नव्हते, भाकरी करायला होते. लग्न होऊन सोलापुरात आले, नवरा गिरणीत, आणि मी मुलींच्या बोर्डिंगात चुलीपुढं. निम्मं आयुष्य गेलं तिथं. भिंतीपलीकडं अभ्यासाची खोली. पोरी पाढे म्हणायच्या आणि मी तालावर थापायची. अजून मला पाढे येतात. आकडे येत नाहीत!

काय त्या पोरींची ऐट! पहाटे हौदावर गार पाण्यानं आंघोळ, दात कडकड वाजतायत, तरी एकमेकींच्या अंगावर तांब्या ओतायच्या. मग व्हरांड्यात रांग लावून वेण्या. पहिली दुसरीची घालतेय, दुसरी तिसरीची, आणि सगळ्यात मागची ओरडतेय, "माझी कोण घालणार?" मग सगळ्यात पुढची उठून मागं जायची. राखेनं ताटं घासायच्या ती अशी, की ताटात तोंड बघून टिकली लावावी.

आणि ह्या सगळ्यांवर गौरम्मा. स्वयंपाकघराची मालकीण. मालकीण म्हणजे पगार माझ्याएवढाच, पण दरारा हेडबाईंपेक्षा जास्त. हेडबाई रागावल्या तर पोरी रडायच्या. गौरम्मा रागावली तर सुधारायच्या.

रविवार, १४ सप्टेंबर

आज डबा नाही. रविवारी तिला स्टँडवर येऊ देत नाहीत. हात रिकामे.

गौरम्माचं सांगायचं राहिलं. ती अक्कलकोटकडची. मराठी बोलायची पण मायेचं काही असलं की कानडीत. दारात कुणी दिसलं की आधी "ऊट आतेनु?" जेवण झालं का! पोस्टमन आला, ऊट आतेनु. तपासणीला साहेब आला, त्यालाही ऊट आतेनु. साहेब पहिल्या वेळी लाजला, दुसऱ्या वेळी जेवायच्या वेळेलाच आला. आणि मग, "बा, कूड." ये, बस. पोरींच्या पंगतीत, पोरींच्याच शेजारी. निराळी खुर्ची कुणाला नाही.

रविवारी आमटी करायची पाळी पोरींची असायची. एकदा आठवीतल्या दोन पोरी लागल्या होत्या कामाला. एकीनं मीठ टाकलं. दुसरीला कुणी सांगितलं नाही, तिनंही टाकलं. पहिला घास घेतला आणि सगळी पंगत थांबली. त्या दोघी दाराआड उभ्या, रडायच्या बेतात. गौरम्मानं आपली वाटी उचलली, प्याली, आणि वाटी पुढं केली. "अजून वाढ गं." वाढली. परत प्याली. परत वाटी पुढं! मग एकेक वाटी उचलली जायला लागली. त्या दिवशी आमटी उरली नाही आणि हौदावर पाण्याला रांग लागली!

मी नंतर विचारलं, "पोटात ढवळलं न्हाय का?"

म्हणाली, "नीलव्वा, चांगलं झाल्यावर कोणबी मागतंय. बिघडलं की मागावं. करणारी परत चुलीपुढं यायला पायजे की."

असली माणसं मी परत पाहिली नाहीत. थोडी पाहिली. ह्या घरात एकही नाही. माझ्यासकट!

मंगळवार, १६ सप्टेंबर

माझं जेवण साडेबाराला, खिडकीपाशी. गुरुशांतचं टीव्हीसमोर. रेश्माचं उभ्यानं. ताट टेकवायला तिला जमीन सापडत नाही. खिडकीतून रस्ता दिसतो. सकाळी डबा नेलेली गाडी बार्शीहून परत जाताना दिसली की माझा घास खाली जातो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कुंडलिकनं आज डबा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

"अज्जी, एक बोलू का? रागावू नका."

"बोल की. गाडी काय, तुझ्या सासऱ्याचीच हाय, थांबव तोवर."

"पोरगी डबा घेऊन होस्टेलला न्हाय जात. स्टँडवरच खाती. बाकड्यावर, आमच्या गाडीच्या म्होरं. एकटीच. गाडी सुटंपर्यंत गाडीकडं बघत बसती. आता गेल्या चार दिवसांत तर डोळं पुसत बसती."

"आणि मेसचं?"

"मेसला जातच न्हाय म्हणती. अज्जीचा डबा येतो की, म्हणती."

गाडी गेली. मी थांब्यावर किती वेळ उभी होते माहीत नाही. रिक्षावाला म्हणाला, बसता का. म्हटलं, कुठं?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

डबा आजही धाडला. हातांना सवय. पण मन लागलं नाही.

बोर्डिंगात नातेपुत्याची एक पोर आली होती. रत्नमाला. बाप बाजाराच्या दिवशी सोलापूरला यायचा, तिच्यासाठी शेंगाच्या पोळ्या, तुपाचं गाडगं, काय काय आणायचा. पोर ते घेऊन कोठीच्या मागं जायची, भिंतीकडं तोंड करून खायची. पंगतीत यायची ती नावाला. बाकी पोरी हसायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. आणि ही दर बाजाराला बापाच्या गळ्यात पडून, "मला न्या." बाप बिचारा अजून पोळ्या आणायचा.

गौरम्मानं एक दिवस गाठोडं त्याच्या हातातून घेतलं. सरळ आत आणलं, सोडलं, पोळ्यांचे तुकडे केले आणि पंगतीत वाढत सुटली. प्रत्येकीला चिमूटभर. रत्नमाला किंचाळली! बाप उंबऱ्यात उभा. त्याला गौरम्मा म्हणाली, "घरचं आलेलं पंगतीचं. आजपासून ह्यो कायदा. तुमी आणा, पायजे तेवढं आणा. पण तिचं न्हाय, सगळ्यांचं."

मला वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, "अक्का, लेकराच्या तोंडचं काढलंस."

"ते तोंड भिंतीकडं होतं नीलव्वा. ती घरचं खात होती तवर घरीच होती. हितं आलीच नव्हती."

रत्नमाला पुढं अकरावीला बोर्डिंगची प्रमुख झाली. जाताना सगळ्यांत जास्त तीच रडली. आणि ते वर्षानुवर्षं रोज पाहिलेली मी! माझ्याच नातीचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं. तेही फडकं बांधून, ताकासकट.

शनिवार, २० सप्टेंबर

डबा नाही धाडला. चटणी तेवढी कुंडलिकच्या हातात दिली, बरणीभर. "तिला सांग, अज्जी म्हणाली आता मेसला जेव." त्यानं बरणी डब्याच्याच कोपऱ्यात नीट ठेवली. गुणाचं पोर आहे म्हटलं ना.

सोमवार, २२ सप्टेंबर

घरात घट बसले आणि भांडणही बसलं.

शिवलीला फोनवर, "अज्जी, तुला कंटाळा आला व्हय माझा?" आणि ठेवला. गुरुशांत माझ्यावर. "अव्वा, लेकरू उपाशी बसलंय तितं आणि तुझ्या अंगात काय आलंय? दसऱ्याला आणतोय मी तिला. झालं."

मी सांगायला गेले, सांगता येईना. गौरम्मा, रत्नमाला, पोळ्या. कुठून सुरू करू?

तेवढ्यात ओट्यापाशी उभी असलेली रेश्मा म्हणाली, "आत्या बरोबर करत्यात." आत्या म्हणजे मी, तिची सासू.

आम्ही दोघंही तिच्याकडं बघायला लागलो.

"मी लग्न होऊन आले तवा आईनं लाडू दिलं होतं. मी माडीवर जाऊन खायची. आत्यांनी डबा हातातनं घेतला, सगळ्यांना वाटला, आणि मला वडून ताटाशी बसवलं. लई राग आला होता. पर बसले म्हणून राहिले." एवढं बोलून ताट धुतलं आणि शिफ्टला गेली.

मला हे आठवतच नव्हतं! तिला आठवतंय. एवढ्या वर्षांत बोलली नाही. आणि मी समजत होते की ह्या बाईला फक्त कंपनीची गाडी दिसते.

बुधवार, २४ सप्टेंबर

फोन नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

फोन नाही. कुंडलिक म्हणाला, पोरगी स्टँडवर दिसली नाही. हे चांगलं की वाईट? त्याला विचारलं. म्हणाला, "अज्जी, मी कंडक्टर हाय, जोशी न्हाय."

थापायला घेतलेली भाकरी आज फाटली. माझी!

शुक्रवार, २६ सप्टेंबर

गुरुशांतनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची रजा काढली. बार्शीला जाऊन दाखला काढायचा म्हणतो. मी घटाला पाणी घातलं. चुकले असेन तर पोरीचं वर्ष माझ्या हातानं गेलं.

रविवार, २८ सप्टेंबर

फोन आला! फोनमध्ये एवढा गोंधळ, मला वाटलं बाजारातून बोलतेय.

"अज्जी, चटणी धाड!"

"डबा नगं का?"

"डबा नगं. मोठी बरणी धाड. मागची बरणी मेसला नेली तर शेजारच्या पोरीनं बोट घातलं, मग तिच्या शेजारचीनं, दोन दिवसांत सफाचट! मला खायलाच मिळाली न्हाय. आता सगळ्याजणी म्हणत्यात, सोलापूरची, बस की हितं."

मागं कुणीतरी ओरडलं, "अज्जी, तिखट जरा जास्त!" म्हटलं, आधी पाणी हाय का बघा तुमच्याकडं!

गुरुशांतनं फोन हिसकावला. "मग दसऱ्याला आणायचं का न्हाय तुला?"

"येते की पप्पा, सोनं द्यायला. दुसऱ्या दिवशी जाते. प्रॅक्टिकल हाय."

त्यानं फोन मला परत दिला आणि उगाच पंखा बंद-चालू करत राहिला.

मी ठेवणार, तेवढ्यात पोरगी हळूच म्हणाली, "अज्जी, कुंडलिकमामा सांगत होते, आमची गाडी परत जाताना तू रोज खिडकीत दिसतीस. ताट घेऊन. तू कुणासंगं जेवतीस गं?"

"तुला काय करायचंय? तू अभ्यास कर," म्हटलं. आणि ठेवला.

सोमवार, २९ सप्टेंबर

संध्याकाळी माझं ताट खिडकीपासून उचललं आणि टीव्हीच्या पुढ्यात, मधोमध, जमिनीवर मांडलं. गुरुशांत म्हणाला, "अव्वा, बातम्या दिसंनात." म्हटलं, मी दिसते ना? मग ओट्याकडं वळून हाक मारली, "रेश्मा. बा, कूड." तिला कानडी येत नाही. तरी ताट घेऊन खाली बसली.

भाजी तिनं केली होती. मीठ लई पडलं होतं. मी दोनदा मागून घेतली.