उबेतली कातडी

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! अंधेरीच्या एमआयडीसीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी लॅब आहे. भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवायची, हे काम. कोळंबीच्या टरफलांतून काढलेला कायटोसान आणि जिलेटिन एकत्र करून, गोठवून, सुकवून पांढरी जाळी बनवतात. पावासारखी मऊ, भोकाभोकांची. पेशी त्या भोकांत शिरतात आणि वाढत जातात. मला शिकवायला मेलरॉय आहे, मरोळ गावठाणातला. म्हणाला, टरफलं आमच्या घरची नाहीत हां, पावडर तयार येते. लॅबच्या प्रमुख मॉनिका मॅडम कमी बोलतात, पण चहा त्यांनी स्वतः करून दिला.

११ मार्च
पेशी धरत नाहीयेत. हॉस्पिटलमधून आलेला कातडीचा नमुना खराब निघाला. मॅडमनी विचारलं, तुझा देशील का? डाळीच्या दाण्याएवढाच लागेल. मी हो म्हटलं. डॉक्टरांनी दंडाच्या आतल्या बाजूनं तुकडा काढला. मेलरॉय म्हणाला, "श्वेता, आता तूच लॅबची मालकीण, यार."

२० मार्च
धरल्या! माझ्या पेशी जाळीभर पसरल्यात. मेलरॉयनं उबेच्या कपाटातून डिश काढली, चिमट्यानं जाळीची कड उचलली, आणि मला चिमटा बसला. कुठे, ते सांगता येईना. दंडाची जखम भरलीय. तिथं बोट लावलं तर कळत नाही.

२७ मार्च
भाकरी भाजत होते. आई ओरडली, "अगं, हात बघ तुझा!" बोटं तव्यावर टेकली होती. फोड आलेत, दुखत नाहीत. डॉक्टरनं सुई टोचत टोचत खांद्यापर्यंत नेली. मी नुसती बघत होते. नसांच्या तपासण्या सांगितल्यात. आई रडली. मला रडू आलं नाही.

२ एप्रिल
मेलरॉय डिशमधला द्रव बदलतो ते मला कळतं. कोमट, मग गार, मग पुन्हा कोमट. त्याला सांगितलं तर हसला. मी डोळे बांधून भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला काचेच्या काडीचं टोक जाळीला टेकवायला सांगितलं. तो टेकवेल तेव्हा मी "आत्ता" म्हणत गेले. एकदाही चुकले नाही. त्याचं हसणं थांबलं. "बस झालं गं," म्हणाला.
मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, दमली आहेस, घरी जा.

७ एप्रिल
घरीच आहे, दिंडोशीला. पाय आहेत, पण जमीन लागत नाही. आई केस विंचरते, ते आरशात बघून कळतं. पेन बोटांत आहे, हेही बघूनच.
दुसरीकडे मात्र सगळं कळतं. अंधार. ऊब. ओल. तिथं बरं वाटतं — हे आईला सांगितलं नाही.

९ एप्रिल
मेलरॉयचा फोन. उद्या जाळीची ताकद तपासणार. दोन्ही टोकं मशीनच्या जबड्यांत धरायची आणि फाटेपर्यंत ओढायची. दरवेळी करतातच.
मी म्हटलं, नको.
तो म्हणाला, मॅडमशी बोलतो. पण त्या ऐकतील असं—

१० एप्रिल
सकाळ. मेलरॉय फोन उचलत नाही.

गार लागतंय. कपाट उघडलं असणार. आईनं पांघरूण घातलं. काही फरक नाही.

एका बाजूनं धरलं.

फोन वाजतोय. मेलरॉय. माझ्या हातातून पडला — आईनं उचलला. ती त्याला म्हणतेय, अरे थांबव ना ते, थांबव — तो म्हणतो मॅडमनी त्याला बाहेर काढलं, दार आतून—

दुसऱ्या बाजूनंही.

आईनं मला मिठीत घेतलंय. दिसतंय. तिचे हात कळत नाहीत, मला नुसतं ओढ—