पोटरीवरचा मासा

आये,

काल आपल्या पडवीत दादाच्या पोरीच्या पोटरीवर गोंदण झालं. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा ती वहिनीच्या पोटात होती. आता तिचं लग्न ठरलंय, आणि गोंदल्याशिवाय पोर सासरी धाडायची नाही हा आपल्या कोळीवाड्याचा नियम अजून तसाच आहे. मी दवाखान्यातून रजा काढून आले ती हौसेनं नाही. नक्षी कोणती काढायची यावरून घरात रोज वाद चालला होता, आणि बानं निरोप धाडला होता, "शिकलेली हायस, येऊन मिटव." पोरीला तुझ्या पोटरीवर गोंदलेला होता तोच मासा हवा होता. वहिनी म्हणत होती, तुळस काढा, विंचू काढा, सीतेचा पाट काढा, पण त्या बाईच्या पायावरचा मासा माझ्या पोरीच्या पायावर नको.

मला स्वतःला विचारशील तर काहीच नको होतं. मुंबईला नर्सिंग शिकले तेव्हापासून गोंदणाचा विचार आला की आधी सुया दिसतात. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, एकीच्या रक्तातून काढून दुसरीच्या कातडीत घातलेल्या. करवंटीत बाळंतिणीच्या दुधात कालवलेली काजळी, तिच्यावर बसलेली माशी. आणि ते एकच फडकं, थुंकी लावून सगळ्यांच्या पायांवरून फिरणारं. मला हे बघवत नाही. पण सुयांची किळस नंतरची, शिकून आलेली. तुझ्या पायाची त्याच्या आधीची.

तो पाय मी बारीक असा कधी पाहिलाच नाही. मला कळायला लागलं तेव्हा तुझा डावा पाय गुडघ्याखाली ओंडक्यासारखा झाला होता. कातडी जाड, खरखरीत, शेवाळलेल्या खडकासारखी. घोट्याच्या वर मांसाची एक मोठी घडी पडलेली, तिच्या आत कायम ओल आणि आंबूस वास. दादा बोटीवर, वहिनी नवी नवरी, तेव्हा पाय धुवायचं काम माझ्याकडे. परसात दगडावर तू बसतेस, लुगडं गुडघ्यावर ओढतेस आणि पाय माझ्या पुढ्यात ठेवतेस. कडुनिंबाचं कोमट पाणी, जुन्या लुगड्याची चिंधी. मी आधी पोटरी धुते, मग बोटांच्या बेचक्या, आणि शेवटी ती घडी. एका हातानं ती उचलून धरायची आणि दुसऱ्या हातानं आतलं पुसायचं. चिंधीवर पिवळं यायचं. एकदा मला उमळून आलं तेव्हा तू डोक्यावर हात ठेवला नाहीस. "वकायचं तर नारळीच्या बुंध्यात वक," म्हणालीस, "पायावर नको, पुन्हा धुवावा लागंल." त्याचा राग मला पुष्कळ दिवस होता. आता दवाखान्यात नव्या पोरींना पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी मी जवळपास हेच सांगते.

आणि त्या पायावर तो मासा. पोटरी सुजली तसा तोही सुजला. पोट फुगलेलं, खवल्यांचे ठिपके एकमेकांपासून लांब गेलेले, अंगावर तीळ असावेत तसे. वरच्या टोकाला, गुडघ्याकडे, दोन रेषा फाकलेल्या. सगळ्यांना ते उघडं तोंड वाटायचं. वाळवणावर बोंबील उलटवताना बायका तुला चिडवायच्या, "मासा चांगला पोसलास गं, आता बाजारला काढ." तू म्हणायचीस, "घेतंस तर पायासकट घे." सगळ्या हसायच्या. पण तू ताप येऊन पडायला लागलीस तेव्हा त्याच बायका दाराशी कुजबुजायच्या की मासा तोंड उघडून वर चाललाय, पाय खाल्ला, आता बाईला खाणार. तू गेल्यावर तेच खरं ठरलं. वहिनीनं तुझा पाय पाहिला तो तसाच, सुजलेला. ती आंधळ्या माशाला भ्याली यात तिचा दोष नाही. आंधळा म्हणते, कारण त्याला डोळा दिसत नव्हता. तोंडाजवळ जिथं डोळा असायला हवा तिथं काहीच नव्हतं, आणि तेही अपशकुनी मानलं गेलं.

पोरीच्या सासरच्या बायका मागे येऊन गेल्या ते वहिनीनं मला सांगितलं. ते ऐकून आलेली किळस अजून गेलेली नाही. दोघी आल्या, चहा घेतला, आणि पोरीला म्हणाल्या, "चालून दाखव बाय, लुगडं जरा वर घे." मग मोठी खाली वाकली आणि तिनं पोरीची पोटरी अंगठ्यानं दाबून बघितली, सुजेचा खळगा राहतो का. आपण बाजारात हलवा मासा ताजा आहे का ते बघतो तसं. तुझ्या पायाची गोष्ट त्यांच्या गावापर्यंत पोचली होती. मीही अंगठ्यानं दाबते, रोज, पण ज्याचा पाय आहे त्याला विचारून. जाताना ती बाई उंबऱ्यात म्हणाली, "गोंदा कायबी, फक्त त्या घरचा मासा नको." त्या दिवसापासून पोर हट्टाला पेटली. गोंदेन तर आजीचाच मासा, न्हायतर गोंदणार न्हाय, आणि न्हाय गोंदलं तर लग्न न्हाय.

मी वहिनीला सांगितलं की या हत्तीरोगाचा आणि गोंदणाचा संबंध नाही. डास चावतो, त्यातून सुतासारखे किडे अंगात शिरतात, आत पाणी वाहायच्या नळ्या तुंबतात. वाड्याच्या मागचं डबकं बुजवा, मच्छरदाणी लावा. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, पण तोंड वरतीच हाय ना त्याचं?"

तेवढ्यात गोंदणारीण आली. तुला गोंदलं तिचीच मुलगी, आता तीही म्हातारी. मी तिच्या सुया मागून घेतल्या आणि चुलीवर उकळत ठेवल्या. दूध ओतून दिलं, काजळी उकळून निवलेल्या पाण्यात कालवली, फडकं चुलीत घातलं आणि माझ्या पेटीतला कापूस दिला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "माझ्या सुया काय उष्ट्या हायत? तुझ्या आयशीला माझ्या आयशीनं गोंदलं, ती काय गोंदणानं मेली?" वहिनी खाली बघत राहिली. मग म्हातारीनंच विचारलं, "तर काय काढू?"

पोर म्हणाली, आजीचा मासा. वहिनी म्हणाली, तुळस. बा खाटेवरून म्हणाला, "तिच्या माशाला डोळा व्हता." वहिनी म्हणाली, "न्हवता मामा, मी पाहिलाय तो पाय." बा म्हणाला, "मी तुझ्या आधी पाहिलाय." पण डोळा कुठं होता ते त्याला सांगता येईना. हात हवेत फिरवत राहिला, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, आणि मग त्यानं हात मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. म्हातारीची काडी काजळीत बुडालेली, पोरीचा पाय पाटावर.

मला ठाऊक होतं, आये. डोळा होता. तो घडीत होता. घोट्याच्या वर, त्या ओल्या घडीच्या आत, जिथं तुला स्वतःला वाकून बघता येत नव्हतं आणि दुसरं कुणी हात लावत नव्हतं. मी घडी उचलली की दिसायचा, एक बारीक गोल आणि मध्ये ठिपका. आतली कातडी मऊ राहिली होती, म्हणून तेवढीच खूण जशीच्या तशी होती, हिरवी, स्वच्छ. डोळा खाली तर डोकं खाली. गुडघ्याकडे फाकलेलं ते तोंड नव्हतं, शेपूट होतं. मासा वर चढत नव्हता. तो खाली चालला होता.

मी म्हातारीच्या हातातली काडी घेतली आणि पोरीच्या पोटरीवर काढायला लागले. सुजलेला मासा लहान करणं म्हणजे हिशेबाचं काम आहे. पोट जास्त ताणलं गेलेलं, तिथलं अंतर जास्त घटवायचं, शेपटाचं कमी, डोळ्याचं काहीच नाही. डोळा मी पहिला काढला, घोट्याच्या वर चार बोटं, आणि त्यावरून बाकीचं मोजत वर गेले. खवले लावले, शेवटी गुडघ्याखाली शेपूट. झाल्यावर तो अगदी छोटा, सडपातळ निघाला. मी त्याला असा कधीच पाहिलेला नव्हता. बा खाटेवरून उठला, भिंतीला धरत आला आणि वाकून बघत राहिला. "हाच," म्हणाला. "पाण्याकडं तोंड. मी इचारलं व्हतं तिला, उलटा का काढलास, तर म्हणाली, मासा हाय, डोंगरावर जाऊन काय करंल?"

वहिनी हसली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या बायांनी इचारलं तर काय सांगशील गं?" पोर म्हणाली, "सांगेन, हा खाली चाललाय. तुमच्या घराकडं न्हाय बघत." म्हातारीनं सुया उचलल्या. "आता वरड हवं तेवढं," म्हणाली, "सासरी सवड मिळायची न्हाय." पोर ओरडली नाही. रक्ताचे थेंब येत होते, मी कापसानं टिपत होते. खोटं कशाला सांगू, ते दृश्य मला किळसवाणं वाटलं आणि वाटत राहील. माझी पोटरी कोरी आहे, पांढऱ्या मोज्याच्या आत, आणि ती तशीच राहणार आहे. संध्याकाळी पोरीनं विचारलं, "आत्या, तू एवढं नीट कसं ध्यानात ठेवलंस?" मी म्हटलं, रोज धुवायचे, राहिलं.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे वाचून दाखवायला मी कुणाला सांगणार नाही. उद्या दवाखान्यात परत जायच्या आधी कागद चुलीत जाईल. तरी एक लिहून ठेवते. मी घडी उचलून त्या डोळ्याकडे बघत असायचे आणि तू दगडावर अवघडून बसलेली, वरून विचारायचीस, "झालं न्हाय का गं अजून?" मी म्हणायचे, थांब, थोडं राहिलंय.

झालेलं असायचं.